अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिली मिळकत: निवृत्तीच्या बेगमीसाठी कोकणात जागा घ्यावी का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. मी चिपळूणला राहतो आणि लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका खाजगी कारखान्यात नोकरी करतो. वय ४८ आहे आणि नोकरी साठीपर्यंत चालेल असे धरतो. निवृत्तिवेतन म्हणावे तर भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले चार आकडी, म्हणजे किराणा आला तर औषधे राहिली. घराचे कर्ज गेल्या वर्षी फिटले, त्यामुळे आता महिना पंचवीस हजार बाजूला पडू शकतात. मुदत ठेवींत २२ लाख आहेत.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे गुहागर तालुक्यातली एक एकर हापूसची बाग, साधारण ४० कलमे. विकणारा २४ लाख सांगतो. दुसरी म्हणजे रत्नागिरीत एका खोलीचा फ्लॅट ३२ लाखांना घेऊन भाड्याने देणे. तिसरी म्हणजे राजापूर तालुक्यातले आजोबांचे कौलारू घर आणि थोडी भातजमीन, ज्यात आम्ही चौदा हिस्सेदार आहोत. पडवीचा वासा वाळवीने खाल्ला आहे, पण चुलतभावाचे म्हणणे असे की घर दुरुस्त करून पर्यटकांना देऊ. सौभाग्यवतींचे मत 'पैसे आहेत तिथेच राहू देत' असे आहे. या वयात पहिल्यांदाच मिळकतीत पैसे घालणे शहाणपणाचे आहे का, आणि असेल तर कोणत्या वाटेने, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

फणसगरे
चौदा हिस्सेदार म्हणजे ते घर नव्हे, ग्रामसभा आहे.

चाकरमानी
ग्रामसभेला निदान गणसंख्या लागते, काका.

फणसगरे
गणसंख्या गणपतीला पूर्ण होते. ठराव मात्र आरतीनंतर जेवणाच्या पानावर बारगळतो.

हिशेबनीस
आधी फ्लॅटचे बघू, कारण तिथे आकडे स्वच्छ मांडता येतात. ३२ लाखांच्या फ्लॅटला भाडे किती मिळेल ते आपण लिहिलेले नाही. त्या भागातल्या माझ्या मेहुण्याला तशाच फ्लॅटचे ८,००० मिळतात. वर्षाचे ९६,००० झाले, म्हणजे तीन टक्के. त्यातून घरपट्टी, सोसायटीची देखभाल, दोन भाडेकरूंच्या मधला एखादा रिकामा महिना आणि रंगरंगोटी वजा केली की हातात अडीच टक्केही उरत नाहीत.

आपल्या २२ लाखांतले २० लाख भरले आणि उरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणीत गेले असे धरू. बाकीच्या १२ लाखांचे कर्ज पावणेनऊ टक्क्यांनी बारा वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे १३,५०० येतो. भाडे आठ हजार, म्हणजे दरमहा साडेपाच हजार पदरचे, आणि बारा वर्षांत बँकेला व्याजापोटी जवळजवळ साडेसात लाख. आजची सगळी गंगाजळी संपते ती वेगळीच. याउलट साठाव्या वर्षी हाती ३० लाख असतील आणि ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिना २०,५००. तिथे नळ गळत नाही आणि भाडेकरूला रात्री अकरा वाजता गिझरची आठवण होत नाही. फ्लॅटची किंमत वाढेल हे मला मान्य आहे, पण वाढलेल्या किमतीतून औषधवाल्याचे बिल भागवायचे तर फ्लॅट विकावाच लागतो, आणि स्नानगृहापुरता तुकडा काही विकता येत नाही.

चाकरमानी
हिशेबनीस, आपला आकडा बरोबर आहे, पण तो आजच्या व्याजदराचा आहे. माझे वडील नव्वदीच्या दशकात निवृत्त झाले तेव्हा ठेवींवर बारा-तेरा टक्के मिळत होते आणि ते स्वतःला सुखी समजत होते. दहा वर्षांत दर निम्म्यावर आले आणि भाजी मात्र स्वस्त झाली नाही. त्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांनी डोंबिवलीत एक जादा खोली घेऊन ठेवली होती. त्यांचे भाडे दर करारागणिक वाढत गेले. सारे पैसे व्याजावर ठेवणाऱ्याने महागाईचा हिशेब केलेला नसतो, हे मी घरात पाहिले आहे.

हिशेबनीस
मान्य. पण डोंबिवलीला रोज सकाळी लोकल धरणारा भाडेकरू मिळतो. रत्नागिरीत मागणी आहे ती महाविद्यालय, रुग्णालय आणि औद्योगिक वसाहतीच्या आसपास. तिथे जागा असेल तर माझा विरोध निम्मा होतो.

देवगडची लेक
बागेबद्दल मी लिहिते, कारण माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कलमेच आहेत. वाशिष्ठीकाठ दादा, ४० कलमे एका एकरात म्हणजे दहा मीटरवर एक, हे अंतर बरोबर आहे. पण ती कलमे किती वर्षांची आहेत हे आपण लिहिलेले नाही. कलम पाच-सहा वर्षांनी धरू लागते आणि खरे उत्पन्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येते. त्यातही हापूस एक वर्ष भरभरून आला की दुसऱ्या वर्षी रुसतो. मोहोर आल्यापासून तुडतुडा आणि फुलकिडे यांच्यासाठी पाच-सहा फवारण्या, मार्चपासून वानरे, एप्रिलपासून राखणीला माणूस. आमच्याकडे राखणदार नेपाळहून येतात आणि त्यांच्या शिध्यापासून खोपटीपर्यंत सगळी व्यवस्था आम्ही करतो.

हे सगळे नको म्हणून दोन वर्षे आम्ही ४० कलमांचा एक तुकडा व्यापाऱ्याला कराराने दिला. पहिल्या वर्षी त्याने ७५,००० मोजले, दुसऱ्या वर्षी मोहोरावर अवकाळी पाऊस पडला आणि तो २५,००० च्या वर सरकेना. सरासरी ५०,००० धरली तर आपल्या २४ लाखांवर ती दोन टक्क्यांच्या आसपास येते. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत आणि अजून फवारणीच्या दिवशी पंपाजवळ उभे राहतात, कारण मालक समोर नसला की औषध अर्ध्या झाडाला लागते. निवृत्तीनंतरचे उत्पन्न म्हणून बाग घेणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

आणि एक विचारायचे राहिले. बागेपर्यंत गाडी जाते का? आमच्या शेजारी मुंबईच्या एका गृहस्थांनी बाग घेतली. पाहायला आले ते जानेवारीत, शेजाऱ्याच्या गडग्याच्या खिंडारातून चालत. खरेदी झाल्यावर शेजाऱ्याने खिंडार बुजवले, आणि पहिल्या मोसमात आंब्याच्या पेट्या बायकांनी डोक्यावरून पाऊण किलोमीटर वाहिल्या. पारावरचे आजोबा त्यांना म्हणाले होते, "जमीन घेतलंस ता बरां केलंस, पण वाट खंय आसा?"

गडगा
मी महसूल खात्यात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. देवगडच्या ताईंनी वाटेचा मुद्दा काढला ते फार बरे झाले. नकाशावर रस्ता नसेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, आणि वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. परंतु अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दाद मागायला सुरुवात केली तर ती कोणत्या वर्षी मिळेल, हे मी खात्यात राहूनही सांगू शकत नाही.

आता मूळ प्रश्न. आपण स्वतः शेतकरी आहात का? १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आपण म्हणाल, आजोबांची जमीन आहे. ठीक, पण सातबाऱ्यावर आपले नाव लागले आहे का? निम्म्या कोकणात मयत आजोबा अजून कागदावर शेती करीत आहेत. वारस नोंद झालेली नसेल तर आधी ती करून घ्या. तीन वाटांपैकी कोणतीही धरलीत तरी ती उपयोगी पडेल.

मग गुहागरच्या बागेचा सातबारा घ्या, आणि केवळ आजचा संगणकीय उतारा पाहून समाधान मानू नका. जुने हस्तलिखित उतारे आणि त्यावरचे सगळे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, क्रमांकाने काढून वाचा. डाव्या बाजूला मालकाच्या नावापुढे 'ए.कु.पु.' असे लिहिलेले असेल तर ते एकत्र कुटुंबाचे पुढारी आहेत, एकटे मालक नव्हेत. त्यांच्यामागे बहिणी आणि पुतणे उभे असतात. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन, असेल तर विक्रीला परवानगी लागते. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचे, म्हणजे मालकाची जमीन कसणाऱ्याचे, नाव असेल, तर ते कूळ चाळीस वर्षांत बागेकडे फिरकलेले नसले तरी त्याचा नातू खरेदीखताच्या दुसऱ्या दिवशी फिरकतो. सामायिक क्षेत्रातला हिस्सा विकत असतील तर मोजणी होऊन पोटहिस्सा पडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपण घेतलेली ४० कलमे नेमकी कोणती, यावर पुढे भांडण होते.

नारळीपोफळी
गडगा काकांच्या प्रतिसादाची मी प्रत काढून ठेवली आहे.

तिसऱ्या वाटेबद्दल, म्हणजे घर पर्यटकांना देण्याबद्दल, मी बोलू शकते. आम्ही दिवेआगरला वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या तेव्हा यजमान ५१ वर्षांचे होते. पहिली तीन वर्षे छान गेली. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ नेमके आमच्या किनाऱ्यावर आले. दुपारपर्यंत छपराचे पत्रे विहिरीत होते आणि पोफळी एकावर एक अशा पडल्या होत्या की वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोल्या दुरुस्त करता आल्या; पोफळ मात्र नव्याने लावली की फळ धरायला सहा-सात वर्षे घेते. पर्यटकांची गंमत अशी की त्यांना खोली नको असते, वाडीची सावली हवी असते. सावली गेली, दर उतरला.

तरीही मी हा व्यवसाय वाईट म्हणणार नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार यांत वर्ष निघते. जून ते ऑगस्ट शून्य धरावे. फक्त याला गुंतवणूक म्हणू नका. सकाळी साडेसहाला चहा, दुपारी बारा माणसांच्या घावन-उसळीपासून तळलेल्या बांगड्यापर्यंत सगळे, रात्री पाण्याची टाकी भरली की नाही हे बघणे. ही नोकरी आहे, आणि ती साठीनंतर सुरू होते. आपल्या सौभाग्यवतींना विचारलेत का, हा माझा प्रश्न आहे, कारण चुलतभाऊ 'घर देऊ' म्हणतात तेव्हा स्वयंपाकघरात कोण उभे राहणार ते सांगत नाहीत.

वाशिष्ठीकाठ
विचारले. त्यांनी हा धागा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला आणि आपल्या प्रतिसादापाशी थांबून 'पुढे वाचायची गरज नाही' असे म्हणाल्या.

खाडीपलीकडे
धागा आपला आहे, पण माझा प्रश्न त्याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारते. वय ४५. एक मध्यस्थ दापोली तालुक्यात समुद्र दिसणारे पाच-पाच गुंठ्यांचे 'शेतघर भूखंड' विकतो आहे. तो म्हणतो की समुद्रापासूनची बांधकामबंदी आता पन्नास मीटरवर आली आहे आणि दहा वर्षांत किंमत तिप्पट होईल. निवृत्तीच्या वेळी विकून टाकायचा, असा विचार आहे.

काळा डगला
मी वकिली करते. खाडीपलीकडे ताई, दोन्ही गोष्टी अर्धवट सांगितल्या गेल्या आहेत. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक आहे, तिथेच भरतीरेषेपासून ५० मीटरची मर्यादा लागू होते. बाकी सगळीकडे ती २०० मीटरच आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या गावांत एवढी दाट वस्ती आहे का, हे डोळ्यांनीच दिसते.

पाच गुंठ्यांचे म्हणाल तर २०२३ च्या अधिसूचनेने शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरवले. पाच गुंठ्यांचा बिनशेती न केलेला तुकडा म्हणजे बहुधा चार-पाच अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवणे, आणि पुढे विकताना प्रत्येकाच्या सहीसाठी फिरणे. बिनशेती करून पाडलेले भूखंड असतील आणि एकूण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर चहा पिऊन परत या. आणि 'कागद नंतर करू, आत्ता मुखत्यारपत्र देतो' असे म्हटले तर चहाही पिऊ नका. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

रत्नदुर्ग
दहा वर्षांत तिप्पट होण्याबद्दल एक आठवण. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ ला निघाली आणि २०१९ ला रद्द झाली. त्या दोन वर्षांत आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा जमिनीचे दर बोलले जात. माझ्या ओळखीच्या एकाने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन कातळाची दोन एकर घेतली. आज ती त्याच भावाने द्यायला तो तयार आहे आणि गिऱ्हाईक नाही. कातळावर गवतही दोन महिनेच उगवते.

चाकरमानी
महामार्गाचेही तसेच. चौपदरीकरण झाले की भाव वाढेल म्हणून माझ्या साडूने जागा घेतली. चौपदरीकरणाची वाट पाहता पाहता तो निवृत्त झाला.

हिशेबनीस
विकण्याच्या बाजूने एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची, खरोखर ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे ती विकताना भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हे अंतर त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटर असते. फ्लॅटला ही सवलत नाही. आता खरेदी केलेला फ्लॅट दोन वर्षांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के. पण कर वाचतो म्हणून बाग घेणे म्हणजे मीठ स्वस्त मिळते म्हणून मासे विकत घेण्यासारखे आहे.

काळा डगला
मूळ लेखकांच्या तिसऱ्या वाटेवर सगळ्यांनी विनोद केले, पण मला तीच वाट बघण्यासारखी वाटते. पर्यटकांसाठी नव्हे. बाग घ्यायला २४ लाख, फ्लॅटला ३२ लाख. इथे हिस्सा आधीच आपला आहे आणि तो मोकळा करायला जो खर्च येईल तो मुख्यतः मोजणीचा, कागदांचा आणि बोलण्याचा. चौदा जणांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून शेतजमिनीचे वाटप करून घेता येते आणि त्यासाठी दिवाणी दावा लागत नाही. घराचे वाटप मात्र त्यात होत नाही, त्यासाठी वेगळे नोंदणीकृत वाटणीपत्र लागेल.

चौदा मोजताना आत्या आणि चुलतबहिणी मोजल्यात ना? महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ ला दिला, देशभर तो २००५ ला आला, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. 'बहिणी काही मागणार नाहीत' हे वाक्य मी अशिलांच्या तोंडून ऐकते आणि तारीख लावून घेते. ज्यांना खरोखर नको असेल त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. आणि वाटणी होईपर्यंत घरावर एक रुपया घालू नका; आपण कौले परतलीत तरी छप्पर चौदा जणांचेच राहते.

फणसगरे
विनोद मी सुरू केला, त्यामुळे एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. आमच्या घराचा वाटपाचा दावा एकोणीस वर्षे चालला. निकाल लागला तेव्हा घराची मधली भिंत पडली होती आणि निकालपत्रात ती पूर्वसीमा म्हणून होती. संमती असेल तरच जा. एकाने जरी 'बघू' म्हटले, तर आपले २२ लाख घेऊन बँकेत परत जा.

नारळीपोफळी
फणसगरे काका, इतकी वर्षे आपण हे हसत सांगत होतात?

देवगडची लेक
आपला पहिला प्रश्न वयाचा होता आणि त्याचे उत्तर कोणी दिले नाही असे वाटते. मला अठ्ठेचाळीस उशीर वाटत नाही. बारा वर्षे पगार आहे. पण सगळे पैसे एकाच जागेत अडकवायला ते उशिराचे आहे, कारण चूक झाली तर ती भरून काढायला दुसरी बारा वर्षे नाहीत. आमच्या सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घरात सात एकर बाग होती आणि रुग्णालयात भरायला रोख नव्हती. आंबा फेब्रुवारीत विकता येत नाही.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे आभार. तीन आठवड्यांत काय झाले ते सांगतो.

गुहागरच्या बागेचे जुने उतारे काढले. १९७० च्या दशकातल्या एका फेरफारात 'इतर अधिकार' मध्ये एक नाव निघाले. विकणारे म्हणाले, 'ते केव्हाच मुंबईला गेले.' गडगा काकांनी सांगितलेला कुळाचा नातू मला आठवला आणि मी नमस्कार करून निघालो. वाट मात्र होती, चांगली पिकअप जाण्याइतकी.

फ्लॅटचा विचार सोडलेला नाही, पण कर्जाशिवाय जमेल तेव्हाच. ठेवींतले १५ लाख हात न लावता ठेवायचे आणि महिन्याचे पंचवीस हजार निवृत्तीसाठीच साठवत राहायचे, असे घरात ठरले आहे. उरलेल्या रकमेला आत्ता काम नाही, आणि त्याचे मला पूर्वीइतके वाईट वाटत नाही.

राजापूरला जाऊन वारस नोंदीचा अर्ज दिला. यादी करताना हिस्सेदार चौदा नव्हे, सतरा निघाले. दोन आत्या आणि एक चुलतबहीण आम्ही कोणी मोजलीच नव्हती. धाकट्या आत्याला फोन केला तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली की मागीलदारचा रातांबा कोणाकडे जाईल तेवढे सांग. वाटपाला बाराजणांनी होकार दिला आहे, तिघे गणपतीत बोलू म्हणतात, दोघांचा पत्ता शोधतो आहे. गडगा काका, मोजणीचा अर्ज आत्ताच द्यावा का?

गडगा
वारस नोंद मंजूर झाल्यावर द्या, आणि तारीख भात कापल्यानंतरची येईल असे बघा. पावसात गवत कमरेइतके वाढते आणि हद्दीचे दगड सापडत नाहीत. लगतदारांना नोटिसा जातातच, तरी आपण स्वतः एकेकाच्या घरी जाऊन सांगून या. मोजणीच्या दिवशी कोयता आणि पहार बरोबर ठेवा, आणि शक्य असेल तर आत्याबाईंना घेऊन या. तो दगड कुठे आहे हे बहुधा त्यांनाच माहीत असेल.

वाशिष्ठीकाठ
आत्याला विचारले. दगड रातांब्याच्या मुळाशी आहे म्हणाली.